चौथा रकाना

दचकू नका, मी फाईल बोलतेय. कागदाची नव्हे, संगणकातली. चार रकान्यांचा साधा तक्ता. माझं पूर्ण नाव ‘भाषांतर_अंतिम_नक्की_७’. माझ्या आधीच्या सहा ‘अंतिम’ बहिणी कुठे गेल्या, देव जाणे.

माझा जन्म एका प्रोग्रामर मुलीच्या टेबलावर झाला. वयस्कर माणसांना औषधाची आठवण करून देणारं ॲप ती बनवत होती. पहिल्या रकान्यात वाक्याचा क्रमांक, दुसऱ्यात मूळ वाक्य, तिसरा भाषांतराला आणि चौथा शेऱ्याला. ईमेलने मी भाषांतरकार काकांकडे जायचे, भरून परत यायचे. मग ती एकेक वाक्य उचलून कोडमध्ये चिकटवायची. माझं सासर-माहेर अखंड चालू होतं.

काकांचं घर मला फार आवडायचं. जेवणाच्या टेबलावर संगणक, शेजारी काकूंचा गोळ्यांचा डबा. काका प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचे आणि काकू भाजी निवडता निवडता निकाल द्यायच्या.

“ऐक. ‘तुम्ही औषध घेण्यास चुकलात.’”

“चुकलात काय? मी काय शाळेत आहे? ‘गोळी राहिली का?’ असं विचारा की.”

काका तसं लिहायचे आणि चौथ्या रकान्यात प्रामाणिकपणे नोंदवायचे, ‘हिला ओरडल्यासारखं वाटलं, म्हणून बदललं.’ असे चारशेच्या वर शेरे साठले. मुलीला ते वाचायला कधी सवड झाली नाही. तिचं काम तिसऱ्या रकान्याशी.

एकदा गडबडीत तिने माझ्याऐवजी माझ्या थोरल्या बहिणीतली जुनी वाक्यं चिकटवली. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात. काकूंच्या फोनवर तेच ॲप होतं; दुसऱ्या दिवशी त्या फोन घेऊन काकांपुढे उभ्या. “अहो, हा मेला परत ओरडायला लागला.”

मुलीने कानाला खडा लावला. कोड साठवायची जागा आणि भाषांतराचं सॉफ्टवेअर तिने एकमेकांना जोडायला घेतलं. नवं वाक्य आपोआप काकांकडे जाणार, भाषांतर आपोआप कोडमध्ये येणार. मधे मी नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काम चोख होतं. ते पुरं होईपर्यंत मात्र काकू गेल्या.

मला पुसायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला.

“चौथा रकाना तिकडे येतो का गं?”

“नाही काका. तीनच जोडलेत. शेरे ॲपला लागत नाहीत ना.”

“बरं. मग ती फाईल मला पाठवून ठेव. हिचं बोलणं लिहिलेलं तेवढंच आहे माझ्याकडे.”

मुलीने फोन ठेवला. मग तिने मला उघडलं आणि चौथा रकाना पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचला. मधेमधे हसली, शेवटी डोळे पुसले. दोन दिवस खपून तिने तोही जोडला. आता काकूंचं मत प्रत्येक वाक्याशेजारी दिसतं.

मी हल्ली काकांच्या संगणकात असते. कुणाच्या कामाची नाही, पण जेवताना ते मला उघडतात. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी म्हातारी पडून असेल, तर पुसण्याआधी तिच्यातले शेरे तेवढे वाचा.

परवा नव्या वाटेने पहिलं वाक्य काकांकडे आलं. त्यांनी भाषांतर केलं, शेरा लिहिला आणि तोच माझ्यातही सगळ्यात खाली उतरवून ठेवला: ‘मोठ्याने वाचून पाहिलं. ही हो म्हणाली असती.’