उडदावरचा रिव्हर्स

गंगाखेडहून राणीसावरगावला जाणाऱ्या रस्त्यावर प्रत्येकाला फक्त स्वतःचंच काम असतं, आणि तरी प्रत्येक जण दुसऱ्याच्या मध्ये येतो. मी राणीसावरगावच्या शाळेत शिक्षिका आहे. रोज बन्सीधरच्या जीपमध्ये कुणाच्या तरी कोपराखाली मान घालून जाते, त्यामुळे हा रस्ता मला समोरच्या काचेतून कमी आणि लोकांच्या बगलेतून जास्त दिसलेला आहे. जेवढा दिसला तेवढा पुरे आहे. दोन मोटारसायकलवाले शेजारी शेजारी गाड्या चालवत सोयरिकीच्या गप्पा मारतात. मागून हॉर्न दिला तर बाजूला होत नाहीत, ओळखीचं कोण आलं म्हणून वळून बघतात. ट्रॅक्टरवाला गाणी इतकी मोठ्यानं लावतो की आपला हॉर्नही त्याला गाण्यातलाच वाटतो. कुणी हात वर केला तर त्याचा अर्थ 'थांब' असतो, 'जा' असतो, 'रामराम' असतो, कधी नुसती माशी हाकललेली असते. यातल्या निम्म्यांना डावं-उजवं मीच शिकवलंय, म्हणून माझा राग जरा जास्तच आहे.

गेल्या वर्षी आमच्या घरी गाडी आली. जुनीच, पांढरी, पण चालती. विहारासमोर उभी करून सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, गल्लीत पेढे वाटले. पंचशीलात रागाचं नाव नाही, एवढं मी तेव्हाच मनातल्या मनात तपासून घेतलं. पुढं उपयोगी पडणार हे दिसत होतं.

माझे मिस्टर सिद्धोधन परभणीला क्लार्क आहेत आणि रेल्वेनं जाऊन-येऊन करतात. म्हणजे गाडी दिवसभर दारात झाकून ठेवलेली, आणि मी बन्सीधरच्या जीपमध्ये. म्हणून मी शिकायला घेतली. पुढं न्यायला मला छान जमतं. पण लायसन्सच्या टेस्टला दोन झेंड्यांच्या मधून गाडी मागं न्यायची असते. पहिल्या टेस्टला मी एक झेंडा पाडला आणि दुसरा बंपरला अडकवून सोबत घेऊन आले. साहेबांनी नुसता झेंडा मागून घेतला.

त्या संध्याकाळी सिद्धोधन चहा पिता पिता म्हणाले, "धम्मा, या बारीला बी नापास झालीस, तर गाडी सुगतला देऊन टाकू. उभ्या उभ्या बॅटरी उतरायलीय."

सुगत म्हणजे माझे धाकटे दीर, पेडगावला शेती करतात. माणूस चांगला, पण घाईचा. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला, "वयनी, सीटकव्हर कोणत्या रंगाचं घ्यावं?" मी फोन ठेवला आणि भाजीत मीठ दोनदा टाकलं. मला काही फार नको होतं. आपल्या खिडकीची काच आपल्या हातानं खाली करत शाळेत जायचं, एवढंच. तेवढ्यासाठी मंगळवारची टेस्ट पास व्हायची होती.

त्याच्या आधीचा रविवार. भाद्रपदातली चांगली उघडीप मिळाली होती, ऊन कडक पडलं होतं. सिद्धोधन शेजारी बसले, मी स्टिअरिंगवर, आणि आम्ही राणीसावरगावच्या रस्त्याला लागलो. सिद्धोधन घरात अत्यंत शांत माणूस आहेत. गाडीत शेजारी बसले की त्यांचा उजवा हात हँडब्रेकवर आणि तोंडात एकच शब्द असतो, "क्लच." चढ आला की क्लच, म्हैस आली की क्लच. एकदा मी नुसती शिंकले तरी म्हणाले.

गाव थोडं पुढं राहिलं असताना रस्त्याची डावी बाजूच दिसेनाशी झाली. कुणीतरी उडदाच्या शेंगा, पाला-काड्यांसकट, पार लांबवर पसरून ठेवल्या होत्या, आणि कडेनं लांब लांब दगड मांडले होते. आमच्याकडे उघडीप मिळाली की सगळा तालुका आपलं खळं रस्त्यावर आणतो. मी नाक फुगवून गाडी उजव्या अंगाला घेतली आणि उडदाच्या बाजूनं निघाले. अर्ध्यात पोचले आणि समोरून बन्सीधरची जीप आली.

त्यानं जीप माझ्या नाकासमोर आणून उभी केली आणि डोकं बाहेर काढलं. "मॅडम, जरा रिव्हर्स घ्या की."

मी रिव्हर्स टाकला. गाडी मागं गेली ती तिरकी. पुढं घेतली, परत मागं, आणखी तिरकी. मागचं चाक एका दगडावर चढायला लागलं. "क्लच," सिद्धोधन म्हणाले. "क्लच, क्लच," आणि गाडी बंद पडली. जीपमधली माणसं माना लांब करून बघत होती, त्यात माझ्या शाळेतल्या दोन पोरांच्या आया होत्या. बन्सीधरनं थोडी वाट बघितली, मग जीप सरळ उडदावर घातली आणि कडाकडा शेंगा फोडत निघून गेला. जाता जाता हात वर केला. त्याचा अर्थ मी लावला नाही.

मला रडू येत होतं, पण त्याआधी राग आला. मी दार आपटून खाली उतरले. लिंबाच्या सावलीतून एक म्हातारी पाला ओढायचं लांब दांड्याचं दाताळं खांद्यावर टाकून येत होती. कपाळावर मोठं कुंकू, लुगड्याचा पदर खोचलेला, चालणं ताठ.

"आजी, हा रस्ता आहे का तुमचं खळं?" मी म्हणाले. "माणसानं गाडी न्यायची कुठून?"

म्हातारी माझ्यापेक्षा जास्त चिडलेली होती. "तेच म्या इचारायले तुमाला. बाजूनं कामून जायलाव? वरून जा की."

"वरून?"

"मंग काय शोभंला टाकलाय का? सकाळपासून बसले इथं उन्हात. जो येतोय तो कडंकडंनं पळायलाय. येक तेवढा बन्सीधर नीट गाडी चालवतो. बाकीच्यायला गाडीच्या काचेची, टायराची काळजी. माज्या उडदाची कुणाला हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी बन्सीधरचं उदाहरण दिलं. तेवढ्यात सिद्धोधन उतरले आणि समजुतीनं म्हणाले, "आजी, बाई नवीन हायत. शिकायल्यात आजून."

म्हातारीनं मला वरून खाली बघितलं. दगडाबाई तिचं नाव. शेत रस्त्याला लागूनच, लेक-सून दुसऱ्या तुकड्यात काढणीला, आणि ही राखणीला. तिच्या डोक्यात काहीतरी पक्कं झालेलं मला दिसलं.

"शिकायल्यात, मंग शिका की," ती म्हणाली. "पुडं जा, मागं या. पुडं जा, मागं या. माजा उडीद तरी निगंल."

"बरोबर हाय," सिद्धोधन म्हणाले आणि परत गाडीत बसायला निघाले. दगडाबाईनं दाताळं त्यांच्या हातात दिलं.

"तुमी काय बसून ऱ्हाताव? गाडी गेली की शेंगा खालवर करा. आन कोन आलं गेलं तर थांबवा."

परभणीच्या कार्यालयात सिद्धोधनना असं काम कुणी सांगितलं नसेल. ते निमूट बाही वर करून उभे राहिले. शेजारची सीट रिकामी झाली. गाडीत एकदम इतकी शांतता झाली की मला माझ्या पायाखालचा क्लच सापडला.

मी पुढं गेले. शेंगा टायरखाली चुरूचुरू फुटल्या, तो आवाज फार गोड असतो. मग रिव्हर्स. गाडी पुन्हा तिरकी झाली. मला वाटलं आता 'क्लच' ऐकू येईल. पण दगडाबाईला क्लच काय ते माहीतच नव्हतं.

"बाई, मधल्या मधी काय फिरायलाव? ती कड राहिली की. कडंचं कुणी फोडायचं?"

मी आरशात बघितलं. खरंच, दगडांना लागून शेंगांचा एक पट्टा तसाच राहिला होता, टच्च, काळपट. मला तो खुपायला लागला. मी पुढं घेतली, मागं आले, चाक त्या पट्ट्याच्या जवळ गेलं पण वर चढलं नाही. परत गेले. आता दगड आणि चाक यांच्यामध्ये फक्त उडीद होता. शेंगा फुटल्या. मी इतकी खूश झाले की हॉर्न वाजवला.

"वाजवू नका, चालवा," दगडाबाई म्हणाली.

टेस्टच्या सरावाला मैदानावर मी किती वेळा मागं गेले असेन, पण तिथं मागं जायचं कशाला हे मला कधी कळलंच नव्हतं. रिकाम्या जागेत सरळ गेलं काय, तिरकं गेलं काय. इथं मागं जायला कारण होतं, आणि कारण संपेपर्यंत म्हातारी सोडणार नव्हती. ऊन कलेपर्यंत मी उडदावर होते. दाताळं ओढून ओढून सिद्धोधनच्या शर्टाला पाला चिकटला, तळहाताला फोड आला. निघताना दगडाबाईनं भुसकट हातात घेऊन फुंकर मारली, काळे चमकदार दाणे राहिले ते मला दाखवले. "ब्येस झालं," ती म्हणाली. मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

मंगळवारी टेस्टला गेले तर सुगत भाऊजी आधीच येऊन उभे. बगलेत सीटकव्हरचं पुडकं, मरून रंगाचं. मला बघून जरा ओशाळले. "आसंच आलतो, वयनी," म्हणाले.

आरशात ते दोन झेंडे दिसले. गेल्या वेळचेच झेंडे, एकाची काठी वाकलेली होती, ती मीच वाकवली होती. साहेब खिडकीशी आले आणि म्हणाले, "घ्या मागं." मग मी झेंड्यांच्या पायथ्याशी मनातल्या मनात उडीद पसरला. डाव्या कडेचा पट्टा राहिलेला होता. म्हातारी उन्हात उभी होती. मी हळूहळू तो पट्टा फोडत मागं आले, शेवटच्या शेंगेपर्यंत, आणि थांबले. दोन्ही झेंडे जागेवर होते.

साहेबांनी वाकून चाकाकडं बघितलं. "कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलला होता?"

"दगडाबाईच्या," मी म्हणाले.

त्यांनी नाव ऐकल्यासारखी मान हलवली आणि सही केली. सुगत भाऊजींनी पुडकं माझ्या हातात दिलं. मरून रंग पांढऱ्या गाडीला शोभून दिसतो, हे त्यांचं बरोबरच होतं.

आता मी एकटी शाळेत जाते, काच खाली करून. मागच्या आठवड्यात सकाळी निघाले तर त्याच जागी सोयाबीन पसरलेलं. दगडाबाई लिंबाखाली. शाळेला वेळ होता. मी एकदा वरून गेले, आरशात बघितलं तर कड राहिलेली. मला पुढं जाववेना. रिव्हर्स टाकला. परत पुढं, परत मागं.

मागून जोराचा हॉर्न वाजला. बन्सीधरची जीप, खच्चून भरलेली. माझ्या जुन्या जागेवर आमचे हेडमास्तर दिनकरराव मान वाकडी करून बसले होते. बन्सीधरनं डोकं बाहेर काढलं.

"मॅडम, लोकायला टाइम व्हायलाय. रस्त्यात मागं-पुडं काय करायलाव? सरका की बाजूला."

मी आरसा नीट केला, आणि अगदी सरळ, दगडांना चाटून, मागं येत त्याच्या बंपरपासून हातभर अंतरावर गाडी उभी केली. काच खाली होतीच.

"बाजूला कामून?" मी म्हणाले. "तुमी बी या की वरून. ती तिकडची कड राहिलीय."

लिंबाखालून दगडाबाईनं हात वर केला. त्याचा अर्थ मला बरोबर लागला. मी परत पहिला गिअर टाकला.