हिरवळीत बुडणारा माणूस

माणूस हिरवळीत बुडवायचा कसा, ते मला विचारा. टोपी मोठी हवी आणि चाल सावकाश.

मी या इस्टेटीचा माळी, बायको इथलं स्वयंपाकघर बघते. मोठ्या घरात हल्ली कलाकार येऊन राहतात, दीड-दीड महिना. समोरचा देखावा बघायचा आणि त्यातून काहीतरी करायचं, एवढंच त्यांचं काम. देखावा म्हणजे खिडकीपासून थेट टेकडीपर्यंत हिरवळ, मध्ये कुंपण नाही की काही नाही. असं त्यांना वाटतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या मालकाला घराजवळ गुरं नको होती आणि कुंपणही डोळ्यांत खुपत होतं, म्हणून त्याने आडवा चर खणून घेतला. सात फूट खोल, घराच्या बाजूने सरळ दगडी भिंत. अगदी काठावर जाईपर्यंत दिसत नाही.

नवी मंडळी आली की सकाळी सातला मी टोपी घालून खिडक्यांसमोरून निघतो. काठाला अरुंद पायऱ्या आहेत. आधी गुडघे जातात, मग कंबर, शेवटी टोपी. मग वाकून चरातून पळत सुटायचं, भाजीच्या वाफ्यांमागून बाहेर यायचं आणि चहाला हजर. नाश्त्याला एकेकाचे चेहरे बघावेत! एका कवीने तर त्याच दिवशी खोली बदलून घेतली.

या खेपेला कोपऱ्यातल्या खोलीत एक चित्रकार ताई आल्या. साठीच्या, हातात काठी. नवरा गेल्यापासून दोन वर्षं हातून एक रेघ उमटली नव्हती, असं बायको सांगत होती. सोमवारी मी बुडलो आणि ताईंनी नाश्त्याला कागद मागवले.

"बघा," बायको म्हणाली, "तुमच्या माकडचेष्टांनी कधी नव्हे ते कुणाचं भलं झालं."

मग काय, मंगळवारी बुडलो, बुधवारीही बुडलो. गुरुवारी पहाटे उठतानाच कंबर धरली. दोन दिवस पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडलो होतो.

शनिवारी दुपारी जरा बरं वाटलं, तशी ताईंच्या खिडकीची कडी बसवायला गेलो. भिंतीवर सहा चित्रं, खाली वार लिहिलेले. सोमवार ते बुधवार माणूस गवतात उतरतोय. गुरुवारी नुसती टोपी वर. शुक्रवारी छातीपर्यंत. शनिवारी अख्खा माणूस चराच्या अलीकडे उभा, तोंड घराकडे. टोपीखाली चेहराच नाही.

"उद्या मी जाणार आहे," ताई म्हणाल्या. "ते न्यायला आलेत मला."

काठी टेकत ही बाई त्या काठावर जाणार?

"ताई, माफ करा. तो मी होतो. थट्टा होती हो!"

त्या चक्क हसल्या. "दादा, तुम्ही बदकासारखे चालता. पहिले तीन दिवस तुम्हीच, हे मला सोमवारीच कळलं. मी यांच्याबद्दल बोलतेय." आणि शनिवारच्या चित्रावर बोट ठेवलं.

रविवारी सातच्या आधीच मी पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो, चराकडे पाठ करून. ताई आल्या. नवी साडी, केस नीट विंचरलेले.

"बाजूला व्हा, दादा."

"नाही होत. सात फूट आहे. हाडं गोळा करायला कोण येणार?"

"ते धरतील मला."

मी हात पसरले. माझ्या खांद्यावरून त्यांनी मागे पाहिलं. आधी चेहरा उजळला. मग त्यांनी डोळे बारीक केले आणि ओठ घट्ट मिटले.

"आमचे हे एवढे उंच नव्हते," त्या हळूच म्हणाल्या.

काठी तिथेच टाकून त्यांनी माझं मनगट पकडलं. हात बर्फासारखा गार. "चला. आणि मागे वळायचं नाही."

जन्मात कुणाचं ऐकलं नाही, त्यांचं मुकाट्याने ऐकलं. दवाने गवत ओलं होतं. आमची पावलं चुपचुप वाजत होती. मी मोजायला लागलो आणि लगेच थांबलो. ताई काठीशिवाय झपझप चालत होत्या.

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने हाक मारली, "अहो, तुम्हा तिघांचा चहा टाकू ना?"

ताईंनी माझं मनगट आणखी आवळलं.

"दोघांचाच!" त्या ओरडल्या. "तिसरे आमचे कुणी नाहीत!"