अप्पांची पाणसळ

हातभर लांब सागाचं लाकूड, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि पोटात काचेची बारीक नळी. नळीत हिरवट पाणी, आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. ओटा असो की फरशी, बांधताना गवंडी मला आडवी ठेवून बघतो. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला, की काम सपाट. एका बाजूला सरकला, की ती बाजू उंच. मला एवढंच येतं.

माझे धनी शिवाप्पा, सगळ्यांचे अप्पा. बोरीजवळच्या एका लहान गावात जन्मले, शिकून इंजिनिअर झाले आणि सैन्यात गेले. पुण्याच्या एका दुकानात त्यांनी मला फळीवर ठेवून पाहिलं, मग टोकं बदलून पुन्हा ठेवून पाहिलं. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच जागी थांबला. "ही खोटं बोलत नाही," ते म्हणाले आणि मला घेऊन निघाले.

एकाहत्तरच्या लढाईत मी त्यांच्याबरोबर होते. एका नदीवर त्यांच्या तुकडीनं घाईघाईनं पूल बांधला. माझी काच तिथंच फुटली, लाकडावर खोल ओरखडा उठला. पुढं त्यांनी नवी नळी बसवून घेतली. ओरखडा मात्र तसाच ठेवला. घरी कुणी लढाईचं विचारलं, तर ते पदकाबद्दल बोलत नसत. म्हणत, "आमच्या पुलावरून जखमींच्या गाड्या गेल्या. एकालाही हिसका बसला नाही."

नोकरी संपल्यावर लोकांना वाटलं, साहेब आता पुण्यात बंगला बांधतील. ते गावी परतले. मी घराच्या फडताळात राहू लागले, पण तिथं मला फार काळ पडून राहावं लागत नसे. कुणाचा गोठा, कुणाचं न्हाणीघर, शाळेचा व्हरांडा. जो तो मला मागायला येई. अप्पांनी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. प्रत्येकाला एकच वाक्य, "ने. सांजच्याला पुसून आण." सिमेंट वाळलेल्या अंगानं मी परत आले, तर ते समोरच्याला काही बोलत नसत. ओला फडका आणून त्याच्यासमोरच मला पुसत बसत. तो माणूस पुढच्या वेळी विसरत नसे.

त्या गल्लीत पावसाचं पाणी दगडाबाईच्या दारात साचायचं. एकदा ती कमरेवर हात ठेवून अप्पांपुढं उभी राहिली. "साहेब, तुमी लढाईत नद्या अडवल्या म्हनं. हे डबकं तेवढं ऱ्हायलंय बघा."

"नदी अडवली नाही, दगडाबाई. ओलांडली."

"मंग मी बी वलांडायलेच की रोज. लुगडं खवून!"

अप्पा हसले आणि मला घेऊन गल्लीभर गुडघ्यांवर फिरले. नालीला ढाळ, म्हणजे उतार, द्यायचा, तर दारापुढचे पुढं आलेले ओटे फोडावे लागणार होते. कुणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पहार घेऊन स्वतःच्याच दारचा ओटा फोडला. संध्याकाळी निवांत टेकायची ती सिद्धम्माबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, आवडती जागा होती. बाई नवऱ्याशी कितीतरी दिवस बोलल्या नाहीत. पण तो ओटा फुटल्यावर बाकीच्यांना आपला वाचवता आला नाही. नाली झाली, पाणी वाहतं झालं. सिताराम गवंडी तेव्हा अप्पांच्या हाताखाली शिकला. अप्पा त्याला सांगत, "सपाट काम फोटोत छान दिसतं. पण ज्यावर पाऊस पडणार, त्याला ढाळ पाहिजे. बुडबुडा वरच्या, म्हणजे उंच बाजूच्या, रेघेला टेकला पाहिजे."

पुढं लाल उजेडाची रेघ मारणारी यंत्रं आली. मला मागायला येणारी माणसं कमी झाली. अप्पाही थकले. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा रोज सकाळी ते मला तळहातावर आडवी धरत आणि बुडबुड्याकडं बघत. तो इकडून तिकडं पळत राही. त्यांची मुलगी त्रिवेणी परभणीहून आलेली असली, की आपला हात त्यांच्या हाताखाली धरी. मग बुडबुडा हळूहळू थांबे. "जमलं," अप्पा म्हणत. कोणाला जमलं, ते सांगत नसत.

मित्रांनो, या थंडीत अप्पा गेले.

त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना शेतात बसलेल्या स्थितीत समाधी द्यायची होती. कपाळावर विभूती, तळहातावर इष्टलिंग, अंगावर बेलाची पानं. मी त्रिवेणीच्या पिशवीत होते. सिद्धम्माबाई म्हणाल्या, "ती पाणसळ त्यांच्यापाशी ठेव. जल्मभर ह्यांच्या हातात ऱ्हायली. आता परक्याच्या हातात नको."

त्रिवेणीनं मला बाहेर काढलं. तिलाही तसंच वाटत असावं, ती वाकलीसुद्धा. मी त्या ओल्या मातीकडं पाहिलं. धन्याची सोबत मला नको होती असं नाही. पण अंधारात बुडबुडा कुणाला दिसणार?

खड्ड्याच्या काठावरून सिताराम हळूच म्हणाला, "माय, ही आत गेली तर वरचा समाधीचा ओटा कशानं करू?"

"तुह्याकडं दुसरी न्हाई का?"

"हाय की. पर ती साहेबांच्या हाताखाली शिकलेली न्हाई."

रडता रडता बाईंच्या ओठांवर हसू आलं. "ओटा होऊस्तोवर ठेव मंग," त्या म्हणाल्या. "मंग ओट्यातच चिणून टाक."

माती जरा बसल्यावर ओट्याचं काम निघालं. सितारामनं जीव ओतला. वरचा थर घोटून घोटून त्यानं आरशासारखा केला आणि मला त्यावर ठेवलं. बुडबुडा बरोब्बर मधोमध. "बघा ताई, साहेबांचं काम. सूतभर बी फरक न्हाई."

त्रिवेणीनं माझ्या बुडबुड्याकडं पाहिलं. चिणायला मला उचलायचं, म्हणून तिनं हातही पुढं केला होता. तो मध्येच थांबला.

"सितारामकाका, पाऊस पडला की पाणी कुठं जाईल?"

सितारामनं कपाळावर हात मारला. "अगं माय माय माय! साहेब असते, तर पहार घेऊन उठले असते. लय मान द्यायला गेलो, अन् त्येंच्या डोक्यावर डबकं केलं!"

थर अजून ओला होता. त्यानं तो मोडला. त्रिवेणी गुडघ्यांवर बसली आणि मला स्वतःच्या हातानं धरलं. बांधावरच्या कडुलिंबाकडं त्यांनी ढाळ दिला. माझा बुडबुडा हळूहळू सरकला आणि वरच्या रेघेला टेकला. तिचा हात थरथरत होता. सिद्धम्माबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आपला हात तिच्या हाताखाली धरला.

"जमलं," त्रिवेणी म्हणाली.

ओट्यात मला ठेवायला सोडलेली खाच सितारामनं विटेनं भरून घेतली. ती वीट बाईंनीच त्याच्या हातात दिली.

मित्रांनो, आम्हां अवजारांना काचेचं कपाट नको असतं, हारही नको असतात. गेलेल्या माणसाच्या वस्तू जपताना त्यांचं काम थांबवू नका. त्या वापरा, आणि वापरून झालं की पुसा.

परवाच दगडाबाईची सून दारात आली. नव्या न्हाणीघरात पाणी साचतंय म्हणाली. त्रिवेणी परभणीला गेली होती. सिद्धम्माबाई उठल्या, फडताळातून मला काढलं, माझ्या काचेवरून पदर फिरवला आणि क्षणभर मला तसंच धरून ठेवलं.

"ने," त्या म्हणाल्या. "सांजच्याला पुसून आण."