अब्बांच्या समोरून

सिदराला अठरा पूर्ण झाली आणि तिला आखातातून रत्नागिरीला खालेकडे, अम्मीच्या बहिणीकडे, पाठवायचं घाटू लागलं. कॉलेज अझैबातल्या घरापासून लांब, अब्बा आठवडाभर दूर दुक्मच्या बंदरावर कामाला, आणि पोरीनं रोज एकटीनं टॅक्सीतून जावं हे त्यांना पटेना. गावी कायमचे परतलेल्या मामूंची जुनी गाडी दारात धूळ खात होती, पण ती चालवणार कोण?

"ॲडमिशन संपायच्या आत घरात कुणाकडं लायसन आलं, तर राहा इथंच," अब्बा एकदा वैतागून बोलून गेले.

सिदरानं तेवढंच धरून ठेवलं. फक्त अम्मीला सांगून ती गुपचूप गाडी शिकली. ड्रमांच्या मधून गाडी मागं घेण्याची परीक्षा झाली, चढाची झाली. उरली रस्त्यावरची. आज नापास, तर पुढची तारीख ॲडमिशन संपल्यानंतरची.

ती फाटकाशी आपल्या नंबराची वाट बघत उभी होती. समोरून एक शिकाऊ गाडी आली, शेजारी परीक्षा घेणारे ऑफिसर. गाडी भर रस्त्यात गचकन थांबली. काच खाली झाली.

"काय गो? तू इथं काय करतेस?"

सिदरा बघतच राहिली. "अब्बा! तुम्ही तर दुक्मला…"

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला. ऑफिसरनी कपाळाला हात लावला. "खलास," ते म्हणाले.

अब्बा खाली उतरले ते मान खाली घालूनच. "तुझ्यासाठीच दुक्मला शिकत होतो गो. इकडं बदलीही मागितलीय. म्हटलं, सरप्राइज देऊ."

"मी पण."

"मग आता तुझ्यावरच सगळं," ते पुटपुटले आणि कडेला जाऊन उभे राहिले.

ऑफिसर तिच्या गाडीत येऊन बसले. चेहरा दगडासारखा. "यल्ला, चल."

सिदरानं आरसा बघितला, पट्टा बघितला आणि गाडी काढली. राउंडअबाउटला आतल्या गाड्या जाऊ दिल्या, लेन बदलताना मान वळवली.

परतीच्या वाटेवर लांबूनच अब्बा दिसले. रस्त्याच्या कडेनं पुढं पुढं येत दोन्ही हात हलवत होते: हळू, हळू, इंडिकेटर! सिदराचा पाय ब्रेककडे सरकला. पण पुढं रस्ता मोकळा होता, आरशात मागची गाडी जवळ आली होती. तिनं पाय आवरला आणि ती अब्बांच्या समोरून सरळ निघून गेली.

फाटकाशी गाडी लावल्यावर ऑफिसरनी विचारलं, "ते तुझे वडील ना?"

"हो."

"तुला बघून त्यांनी गाडी थांबवली. त्यांना बघून तू नाही थांबवलीस." ते पहिल्यांदाच हसले. "पास. मबरूक."

अब्बा धापा टाकत पोचले. पोरीचा चेहरा बघूनच त्यांना कळलं. त्यांनी फाटकावरच्या अनोळखी माणसांनाही सांगायला सुरुवात केली. मग आठवण होऊन अम्मीला फोन लावला.

"दोघांतलं कोण पास झालं?" अम्मीनं आधीच विचारलं.

"म्हणजे तुला दोघांचंही माहीत होतं?"

"हां. कोण ते सांगा आधी!"

"खालेला कळव, पोर येत नाही म्हणून!" अब्बा ओरडले. "हाफिजा, अगो, मी हात हलवत राहिलो, आणि तुझी पोरगी माझ्याकडं बघायला तयार नाही! सरळ पुढं निघून गेली!"