मरियमबींच्या फ्रीझरमधला उत्तर ध्रुव

दोन हजार दोनचा सप्टेंबर. आमची अस्मी सातवीत होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने उत्तर ध्रुवाचा समुद्र आखातातल्या अजमानमध्ये आणायचं ठरवलं होतं. काचेचे दोन ट्रे, तळ काळे रंगवलेले. एकावर लिहिलं होतं ‘आज’, त्यात बर्फाची मोठी पांढरी लादी. दुसऱ्यावर ‘२०४०’, त्यात नुसते तुकडे. वर दिवे, पाण्यात थर्मामीटर. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, काळं पाणी ते पिऊन बसतं, म्हणून बर्फ कमी झाला की उरलेलाही लवकर जातो, हे तिने मला इतक्यांदा ऐकवलं की मी झोपेतही सांगितलं असतं.

लादी आमच्या फ्रीजमध्ये मावेना. खालच्या मजल्यावरच्या मरियमबींकडे मात्र पलंगाएवढा डीप फ्रीझर होता. बाई राजापूरच्या, मासळीशिवाय घास उतरत नसे. "आण गो पोरी, सुरमई सरकवते जरा," म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी संजयने मोठ्या हौसेने शाळेच्या नळावर ट्रे भरून आणले. माझा नवरा इंजिनियर, आखातात मुरलेला! गच्चीवरच्या टाक्या तापून इथे गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं, म्हणून आम्ही सगळे गिझर बंद ठेवून त्यातलं पाणी गार म्हणून वापरतो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. नेमकं त्या दिवशी हा विसरला. लादी पाण्यात ठेवली आणि बघता बघता तडतडून वितळली.

"पापा, नाउ बोथ आर ट्वेंटी-फॉर्टी!" अस्मी रडायलाच लागली. कितीतरी दिवस ती ह्यासाठी राबली होती आणि परीक्षक पलीकडच्या रांगेत येऊन ठेपले होते. मी संजयला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. निदान सुटा बर्फ तरी मिळेल म्हणून मरियमबींना फोन लावला.

त्या टॅक्सीने आल्या. मांडीवर आइसबॉक्स, त्यात दुसरी अख्खी लादी, आणि पायाशी त्यांच्या गिझरमधल्या पाण्याचा कॅन. "एक फुटली तर काय, म्हणून परवाच आणखी एक लावून ठेवली होती. यल्ला, रडतेस काय, मांड लवकर!"

परीक्षक आले तेव्हा अस्मीचा ‘आज’ जागेवर होता. ती घडाघडा बोलली. मागे उभ्या मरियमबींनी नंतर तिला विचारलं, "मग तो बर्फ परत धरत नाही?"

"थंडीत धरतो, खाला. बट द ओल्ड थिक आइस, वो वापस नहीं आता."

दुसरा नंबर आला. संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन खाली गेलो, तर बाईंनी आमच्यापुढे आमरसाच्या वाट्या ठेवल्या. सप्टेंबरात हापूस! मी पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं. त्यांचा मुलगा इम्तियाज जहाजावर, त्याला सुट्टी मिळते ती नोव्हेंबरात. म्हणून दर मे महिन्यात त्या गावाहून परसातल्या आंब्याचा रस आणून त्याच्यासाठी गोठवून ठेवत. दुसऱ्या लादीला जागा करायला तोच डबा त्यांनी बाहेर काढला होता.

"अहो, इम्तियाजचा..." मी वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"खलास, आता वितळला तो वितळला. इम्तियाजला पुढच्या वर्षी. आंबा काय, परत येतो," त्या म्हणाल्या. "पोरीचा बर्फ होता तो. खा."

आईबापांपासून इतक्या लांब आम्हाला हे माणूस मिळालं होतं, आणि आभार मानायला मला एक धड शब्द सुचत नव्हता.

शब्द सुचला तो अस्मीला. घरात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी माझी लेक वाटी खाली ठेवून म्हणाली, "खाला, मे महिन्यात मला गावी न्याल? इम्तियाजभाईंचा रस मी काढीन."