धोंडप्पाची सावड

धोंडप्पाच्या रानात कांद्याची लागण चालली होती आणि धोंडप्पा बांधावर उभा राहून गावाची काळजी करत होता. काळजी करायला बांध बरा पडतो. चिखलात वाकावं लागत नाही.

"परकी मानसं गावात ठिवायची म्हंजी काय खेळ हाय व्हय?" तो मला म्हणाला. "आज दोन, उद्या धा. मकदूमला इचारनारं कुनी न्हाय म्हनून चाललंय."

ज्यांच्याबद्दल हे बोलणं होतं ती दोघं त्याच्याच वाफ्यात वाकून रोपं लावत होती. मी नुसतं तिकडं बघितलं.

"त्ये येगळं," धोंडप्पा म्हणाला. "त्ये कामाचं हाय."

ती दोघं म्हणजे नजीब आणि त्याची बायको समरा. नजीब अफगाणिस्तानातून पुण्याला शेतकीचं शिकायला आला, मागाहून बायकोला आणलं, आणि तिकडं राज्य बदललं. समराची बहीण मुलींना शिकवायची, म्हणून घरावर माणसं येऊन गेली. परतीची वाट बंद. दिल्लीला आसऱ्यासाठी अर्ज केलेला, त्याचं उत्तर येईना. पुण्याची खोली सुटली तेव्हा नजीबच्या वर्गातला एक पोरगा त्यांना आपल्या मामाकडं, म्हणजे आमच्या मकदूमकडं, घेऊन आला. मकदूमचा टेम्पो वैरागच्या बाजाराला माल नेतो. त्यानं टेम्पो उघड्यावर लावला आणि शेड ह्यांना दिली. ठाण्यात जाऊन रीतसर सांगूनही आला.

बसून खाणं बरं दिसत नाही म्हणून दोघं ज्याच्या त्याच्या रानात हात लावायला जात. तान्ही लेक बाभळीला झोळीत. त्यांना मजुरी घेता येत नाही असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि हा एवढा कायदा गावानं तंतोतंत पाळला.

त्या आठवड्यात वारं सुटलं ते राहायलाच तयार नव्हतं. पत्रे वाजत, कडबा उडे, माणसं उगाच चावडीपर्यंत जाऊन परत येत. मोबाइलवर कुठल्यातरी मुलखातली बंदूकवाली माणसं फिरत होती, आणि ती मकदूमच्या शेडमध्येच मुक्कामाला आहेत असं निम्म्या गावानं धरून ठेवलं. शेडमध्ये एक चूल, एक झोळी आणि दोन माणसं एवढंच होतं, पण बघायला जातो कोण. शेवटी धोंडप्पानं ग्रामसभेत विषय घातला: परक्यांनी गाव सोडावं.

आमच्या सरपंच मीनाबाई. आधी अंगणवाडीत होत्या, त्यामुळे सभा कशी बसवायची ते त्यांना ठाऊक. त्यांचा एक शिरस्ता आहे. ज्याची तक्रार आणि ज्याच्यावर तक्रार, दोघांनी एकाच सतरंजीवर पुढं बसायचं आणि अहोजाहोनं बोलायचं. अरेतुरे आलं की विषय पुढच्या सभेला.

धोंडप्पा नजीबशेजारी बसला. मधी हवा जाईल एवढी जागा ठेवली.

"बोला, आण्णा."

"माजं म्हननं एवडंच की, ह्यो... हे... ह्येंनी जावं. कोन, कुटलं, ठाव न्हाय. गावाला भ्या वाटतंय."

"गावाला का तुमाला?"

"दोगास्नी."

मकदूम मागून उठला. "आण्णा, भ्या वाटतंय तर कांदं कुनाकडनं लावून घेतलं?"

सभेत खसखस पिकली. धोंडप्पाचे कान तापले. मागच्याच सोमवारी त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, ह्यांना मजुरी देईल तो गावाचा वैरी.

"मी मजुरी दिली न्हाय. एक रुपाया न्हाय. इचारा की त्येंनाच."

"फुकट राबवून घेतलं म्हना की," मकदूम म्हणाला.

आता हे मजुरीहून वाईट. धोंडप्पानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"फुकट कशापायी? सावडीनं आली होती ती."

सावड म्हणजे आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. आमच्याकडं भावाशी बोलणं तुटलं तरी सावड तुटत नाही. आणि ज्यांनी ज्यांनी ह्या दोघांना राबवलं होतं त्या सगळ्यांना तेवढ्यात तो शब्द आवडला.

"आमच्यात बी सावडच," बिरुदेव म्हणाला. "तूर काढायला."

"आमच्यात बी."

मीनाबाईंनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "मग फेडली का?"

बिरुदेव आपली चप्पल शोधायला लागला.

"सावड अंगावर ठिवून मानसं गावाभाईर काढायची, ह्यो पायंडा पाडताय का आण्णा? पाडा. पन ऊस तोडायच्या टायमाला तुमच्या बांधावर कोन येतंय ते बी बघा."

"फेडू की," धोंडप्पा म्हणाला. "आमी काय बुडवी हाय व्हय? ह्येंचं रान कुटं हाय तेवडं दाखवा."

"आमच्याकडे जमीन नाही, काका," नजीब पुण्याच्या मराठीत म्हणाला. "आपण कृपया त्रास घेऊ नये."

"तुमी गप बसा. ह्यो आमचा सवाल हाय."

बायकांच्या बाजूनं समरा हलकेच हिंदीत काहीतरी बोलली. मकदूमनं मराठीत सांगितलं.

"ती म्हनते, शेडला तीनच भिंती हायत. चौथ्या बाजूला ताडपत्री. पोरीला वारं लागतंय, खोकला हटंना."

बाहेर वारं चालूच होतं. धोंडप्पा मांडी बदलून बसला, टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"भिंत घालू," तो म्हणाला. "पर सावड फिटली की ठराव घ्यायचा."

"घ्यायचा की," मीनाबाई म्हणाल्या. "सावड फिटली की."

अशा तऱ्हेनं दोन माणसांना गावाबाहेर काढायला जमलेली सभा त्यांच्या घराला भिंत घालायचं ठरवून उठली. विटा बिरुदेवच्या पडक्या गोठ्याच्या, वाळू ओढ्याची. ज्यानं त्यानं आपापला दिवस दिला. दिल्लीहून अजून काही आलेलं नव्हतं. समरा विटा देता देता सारखी फोनकडं बघायची.

भिंत झाली, वरचा पत्रा राहिला. तो बसवायला धोंडप्पा स्वतः शिडीवर चढला आणि शिडी नजीबनं धरली.

"घट धरा," धोंडप्पा वरून म्हणाला. "माजा इरोध कायम हाय, सांगून ठिवतो. पर पत्रा वाकडा बसला तर लोक मला हसतील."

"हो, काका."

थोडा वेळ हातोडी वाजली. मग ती थांबली.

"कांद्याला तन लई झालंय. उद्याच्याला दोगं खुरपायला येताय न्हवं?"

"येतो की."

मीनाबाई खाली बादली धुवत होत्या. त्यांनी ठरावाचा विषय मनातल्या मनात पुढच्या सभेला ढकलला.