मास्तरांची मिशी आणि लेकीचा अंगठा

पैज लागली ती मिशीवर. एका बाजूला न्हावी, दुसऱ्या बाजूला इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर, आणि पंच म्हणून इस्त्रीवाली वहिनी, जिला कुणाचीही मिशी गेली तरी आनंदच.

खटका उडाला तो मास्तरांच्या लेकीवरून. ती राहायची लांब. फोन करणं तिने कधीचं सोडलं होतं. पण मास्तरांनी फोनवरून गळक्या नळाचा फोटो टाकला तरी तिचा लाइकचा अंगठा हजर! तो अंगठा मास्तर गल्लीभर दाखवत फिरायचे.

"ती बघतबिघत नाही हो," न्हावी म्हणाला. "जांभई देता देता दाबते."

"गाढवा, लाइक म्हणजे काय, माहितीय?" मास्तर अर्ध्या गालाला साबण घेऊनच खुर्चीतून उठले. "त्याचं जुनं मूळ म्हणजे अंग, देह. माणूस वस्तूला लाइक करायचाच नाही पूर्वी, वस्तू माणसाला भावायची. आपण म्हणतो ना, मला आवडतं? तसंच. अंगाला भिडल्याशिवाय लाइक नाही!"

"देह म्हणजे जिवंत का मेलेला?" वहिनीने विचारलं.

"दोन्ही," मास्तर जरा अडखळले. "मढ्यालाही तोच शब्द होता."

झालं! न्हाव्याच्या डोक्यात किडा वळवळला. "मग मढं होऊन दाखवा. तो फोटो टाकू. दिवे लागेपर्यंत पोरीचा घाबरून फोन आला तर माझी मिशी साफ. नुसता अंगठा आला तर तुमची."

"लागली! रडत फोन करील पोरगी."

इस्त्रीच्या टेबलावर मास्तर आडवे झाले. गळ्यापर्यंत गिऱ्हाइकाची पांढरी चादर.

"मढ्याचं पोट हलतंय!" न्हावी ओरडला. गल्ली खिदळली. मास्तरही हसले, मग निपचित पडले. फोटो गेला.

चहा निवायच्या आत अंगठा आला.

"थांब की. आता नीट बघेल, मग करील," मास्तर म्हणाले आणि फोन मांडीवर घेऊन बसले. एकदा वाजला. त्यांनी असा झडप घालून उचलला की चष्माच पडला. राँग नंबर होता.

रस्त्यावरचे दिवे लागले. न्हाव्याचं हसू केव्हाच आटलं होतं.

"मास्तर, फोन आला होता म्हणू. मी काढतो माझी. तशीही टोचते मला."

"पंच बसलीय."

"मी कुठे बघत होते?" वहिनी घाईघाईने म्हणाली. "मी आपली इस्त्री करत होते."

मास्तरांनी स्वतःच खुर्ची ओढून रस्त्याच्या मधोमध ठेवली. "लहानपणी हीच मिशी धरून ओढायची ती," ते म्हणाले. "काढ."

टाळ्या पिटायला जमलेल्या गल्लीने हात खिशात घातले. एक बाजू सफाचट झाली तशी वहिनीने मास्तरांच्याच फोनवरून फोटो टाकला. "आता तरी विचारेल, मिशी कुठे गेली म्हणून."

फोन टिंगकन वाजला. वहिनीने बघितलं आणि तो पालथा घातला.

"काय म्हणते?" मास्तरांनी डोळे मिटूनच विचारलं.

"आवडलं म्हणते."

न्हाव्याने दुसऱ्या बाजूला साबण लावला.